गोमुखाजवळच्या दगडांवरची सालं: यावरून जुनं तापमान काढता येतं का?

सह्यभटक्या (नाशिक)

मंडळी, गेल्या महिन्यात बाबांना घेऊन गंगोत्री-गोमुख करून आलो. बाबा आता अडुसष्टचे. चिरबासापर्यंत ते माझ्या पुढे होते, त्यानंतर मी त्यांच्या पुढे असल्याचं नाटक त्यांनी चालू दिलं. भोजबासाला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

शेवटच्या टप्प्यात काही दगडांवर रंगाने सालं लिहिलेली आहेत. अमुक साली हिमनदीचं तोंड इथे होतं, अशी. पहिला दगड दिसला तेव्हा मी हौसेने फोटो काढला. मग पुढचा दगड आला, त्याच्या पुढचा आला, आणि बर्फ काही येईना. एका जागी बाबा थांबले. ते १९८९ साली मित्रांबरोबर आले होते. म्हणाले, "इथेच. इथे भिंत होती बर्फाची. हात लावला होता आम्ही." समोर नुसते गोटे, वाळू आणि त्यातून वाहणारं राखाडी पाणी. भिंत पार लांब, तीही मातीने माखलेली, बर्फ म्हणून ओळखू न येणारी.

परत आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. एका लेखात सापडलं की १९३५ ते १९९६ या काळात गंगोत्री हिमनदी ११४७ मीटर मागे हटली, म्हणजे वर्षाला साधारण १९ मीटर. ठीक. पण मग इतके मीटर म्हणजे इतके अंश, असं काही कोष्टक असतं का? चारशे वर्षांपूर्वीचं, तापमापक नसतानाचं तापमान हिमनद्यांवरून काढलंय असंही वाचलं. ते नेमकं कसं काढतात? गणित आलं तरी चालेल, अभियांत्रिकीचं तिसरं गणित दुसऱ्या प्रयत्नात सुटलेलं आहे.

चहाबाज

कोष्टक असतं तर चौथीत पाठ करायला लावलं असतं. हिमनदी एके हिमनदी, हिमनदी दुणे उकाडा.

भूगोलबाईंना हाक मारा कुणीतरी. स्वित्झर्लंडहून आल्यापासून त्या या विषयावर कुणी विचारायची वाट बघतायत.

जुनेनकाशे (डेहराडून, मूळ सोलापूर)

गणित बाईंवर सोडतो, दगडांबद्दल थोडं सांगतो. १९३५ हे साल उगाच आलेलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जॉन ऑडन यांनी त्या वर्षी गोमुखाचा मोजणी करून नकाशा केला. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे थोरले भाऊ. पुढे ज्यांनी ज्यांनी मोजलं त्यांनी त्या नकाशाशी ताडून पाहिलं. हिमालयातल्या काही हिमनद्यांची तोंडं त्याच्याही आधी, १९०६ च्या सुमारास, याच खात्याने नोंदवून ठेवली होती. पिंडारी त्यातलीच.

म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी नीट मोजणी जेमतेम सव्वाशे वर्षांची. त्यामागचं जे आहे ते यात्रेकरूंच्या वर्णनांतलं आणि हिमनदीने टाकलेल्या ढिगाऱ्यांतलं.

भूगोलबाई (सांगली)

हाक ऐकली. भांडी राहू देत, आधी हे.

एकतीस वर्षं मी नववीला हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, शिकवला. पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ, अंत्य हिमोढ, फळ्यावर तीन रंगांचे खडू. प्रत्यक्ष हिमोढ पाहिला तो साठी उलटल्यावर, मुलाकडे बर्नला तीन महिने राहायला गेले तेव्हा. पहिल्या दिवशी ग्रिंडेलवाल्डला त्या ढिगाऱ्यासमोर उभी राहिले आणि मनात आलं, अगं बाई, हा तर आपल्या नदीकाठच्या बांधासारखा दिसतो, मी पोरांना उगीच डोंगर काढून दाखवत होते.

आता तुमचा प्रश्न. कोष्टक नाही, कारण प्रत्येक हिमनदीचं कोष्टक वेगळं. पण प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी कळल्या तर हिशोब मांडता येतो: ती किती हळवी आहे, आणि ती किती उशिरा हलते.

हळवेपणा आधी. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. ओहोटीला समुद्राची पातळी सगळीकडे सारखीच उतरते, पण सपाट पुळणीवर पाणी शंभर पावलं मागे गेलेलं दिसतं आणि बंदराच्या पायऱ्यांवर चार पायऱ्या. हिमनदीचं तसंच. हवा एक अंशाने तापली, की जे तापमान पूर्वी एका उंचीवर होतं ते साधारण दीडशे मीटर वर सरकतं. दहाला एक असा सौम्य उतार असेल तर दीडशे मीटर चढायला दीड किलोमीटर मागे जावं लागतं. तिनाला एक असा खडा उतार असेल तर साडेचारशे मीटरमध्ये काम भागतं. खरं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, कारण बर्फ पातळ झाला की त्याचा माथाच खाली येतो, खाली आला की आणखी उबेत जातो, आणि मग तोंड आणखी मागे जातं. पण मुद्दा पुळणीचाच. त्यात दुसरी भर पावसा-बर्फाची. जिथं भरपूर हिमवृष्टी होते त्या हिमनद्या जास्त हळव्या, कोरड्या प्रदेशातल्या कमी. एक अंशाला काही हिमनद्या एक किलोमीटर हलतात, काही दहा.

आता उशीर. आमच्या जिल्ह्यात म्हैसाळचं आवर्तन सुटलं तरी जतच्या टोकाकडच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी पाणी दिसत नाही. तो बांधावर बसून शिव्या घालतो, तेव्हा पाणी अजून वाटेत असतं. हिमनदीचं तोंड म्हणजे हा टोकाचा शेतकरी. वर डोंगरात बर्फ कमी पडला किंवा जास्त वितळला, याची बातमी खाली तोंडापर्यंत पोचायला खड्या हिमनदीत दहाएक वर्षं लागतात, आणि लांबलचक सपाट हिमनदीत शंभरावर वर्षं. त्यामुळे आज तोंड जिथं आहे ती जागा आजच्या हवेची नसते. काही दशकांपूर्वीच्या हवेची असते, आणि थोडी थकबाकी अजून वसूल व्हायची असते.

या दोन गोष्टी एका छोट्या समीकरणात बसवल्या त्या योहानेस ऊर्लेमान्स यांनी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ. ज्या देशात टेकडी शोधावी लागते तिथला माणूस हिमनद्यांचं गणित करतो, हे मला फार आवडलं. समीकरण शब्दांत असं: हिमनदीची लांबी किती कमी झाली ते घ्या. त्यात, सध्या दर वर्षी किती मागे हटतेय गुणिले उशिराची वर्षं, एवढं मिळवा. आलेल्या बेरजेला हळवेपणाने भागा. जे येईल तेवढी हवा तापली.

कल्पनेतली एक हिमनदी घेऊ. शंभर वर्षांपूर्वी ती स्थिर उभी होती. तेव्हापासून २ किलोमीटर मागे आली, अजून वर्षाला २० मीटरने हटतेय. एक अंशाला ४ किलोमीटर इतकी हळवी, उशीर ५० वर्षांचा. नुसती लांबी भागली तर २ भागिले ४, म्हणजे अर्धा अंश. पण थकबाकी आहे: ५० गुणिले २० म्हणजे १००० मीटर, एक किलोमीटर. एकूण तीन. तीन भागिले चार, पाऊण अंश. तो वरचा पाव अंश हवेत येऊन गेलेला आहे, तोंडाला अजून कळायचा आहे.

२००५ साली ऊर्लेमान्स यांनी जगभरातल्या १६९ हिमनद्यांच्या लांबीच्या नोंदी घेतल्या, प्रत्येकीला तिच्या उताराप्रमाणे आणि पर्जन्याप्रमाणे आकडे लावले आणि १६०० ते १९९० या काळाचा तापमानाचा आलेख काढला. 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हवा तापायला लागली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साधारण अर्धा अंश वाढ झाली, असं त्यातून आलं. यातली मला पटलेली गोष्ट अशी, की ही पद्धत झाडांच्या वर्तुळांच्या रुंदीवरून काढलेल्या तापमानावर अवलंबून नाही आणि तापमापकांवरही नाही. तरी उत्तर त्यांच्या जवळपास जातं. दोन वेगळ्या शाळांतल्या मुलांचं उत्तर जुळलं तर कॉपीचा संशय घेता येत नाही. आणि सखल भागातल्या हिमनद्या आणि उंचावरच्या हिमनद्या यांचंही एकमेकींशी जुळलं.

आता तापमापक नव्हते तेव्हाच्या लांब्या कुठून आल्या? हा माझा लाडका भाग, थोडा वेळ द्या.

ग्रिंडेलवाल्डची खालची हिमनदी घ्या. तिचा आलेख १५३५ पासूनचा आहे. तो बराचसा चित्रांवरून केलाय. ती हिमनदी गावाच्या इतकी जवळ यायची की प्रवासी चित्रकारांना ती काढायचा मोहच व्हायचा. १६४२ चं मेरियान यांचं कोरीव चित्र आहे, १७७० च्या दशकातली कास्पार वोल्फ यांची रंगचित्रं आहेत, आणि १८५० च्या दशकापासून छायाचित्रं. बर्नचे हाइन्झ त्सुमब्यूल यांनी या चित्रांचा ढीग गोळा करून एकेक तपासला. चित्रकार माणूस, डोंगर जरा उंच करणारच, बर्फ जरा भयानक करणारच. मग बघायचं काय? मागची शिखरांची रेघ, एखादा कडा, एखादा न हलणारा खडक. ते बरोबर काढले असतील तर त्यांच्या शेजारी काढलेल्या बर्फावर विश्वास ठेवायचा. साधारण १६०० आणि १८५५-५६ या दोन वेळा ती सर्वांत पुढे आलेली दिसते. दुसऱ्या वेळी तर तोंड समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही खाली पोचलं होतं. मी गेले तेव्हा गावातून बर्फाचा तुकडाही दिसला नाही. त्या जागी एक अरुंद घळ आहे, तिच्यात लाकडी पायवाट केलीय आणि तिकीट लावलंय.

आणि संगमरवराची खाण! अठराव्या शतकात त्या हिमनदीच्या कडेला खाण चालू होती. मग बर्फ पुढे आला आणि खाण गिळून बसला. शंभरेक वर्षांनी मागे हटला तेव्हा खाण परत उघडी पडली. यापेक्षा स्पष्ट नोंद कोणती हवी? बर्फ अमुक साली इथं नव्हता, तमुक साली होता. आता तिथं उपाहारगृह आहे. मी बटाट्याचं रोश्टी खाल्लं, आपल्या थालीपिठापुढं काही नाही.

जिथं चित्र नाही, खाण नाही, तिथं झाडं. हिमनदी पुढे येताना जंगल आडवं करते, खोडं ढिगाऱ्यात गाडली जातात. बर्फ हटल्यावर ती वर येतात. वर्तुळं मोजून झाड कोणत्या साली मेलं ते सांगता येतं, म्हणजे बर्फ त्या साली तिथं पोचला. स्वित्झर्लंडमधल्याच 'आलेच' नावाच्या हिमनदीचा जुना इतिहास असाच बराचसा लागलाय.

भांडी आठवली. बाकी उद्या.

रोखठोक

बाई, लिहिलंय छान, पण एक सरळ प्रश्न. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ग्रिंडेलवाल्डची हिमनदी १८५५ पासून मागे हटायला लागली. तेव्हा कुठे होत्या मोटारी, कुठे होते विजेचे कारखाने? म्हणजे हे सगळं निसर्गतःच चाललंय ना? मग आम्हालाच दुचाकीवरून का बोलतात? शिवाय बर्फ कमी पडला तरी हिमनदी आखडेल. तापमानच कशावरून?

किवीकाकू (क्राइस्टचर्च)

रोखठोक यांच्या दुसऱ्या मुद्द्याला आमच्याकडचं उदाहरण. इथल्या पश्चिम किनाऱ्यावरची फ्रान्झ जोसेफ हिमनदी जगात सगळ्यांच्या हिमनद्या आखडत असताना १९८३ ते २००८ या काळात मधूनमधून पुढे येत होती. सगळे म्हणायचे, बर्फ जास्त पडला असणार. २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की मुख्य कारण वेगळंच होतं: त्या काळात न्यूझीलंडच्या आसपासची हवा आणि समुद्र थोडे थंड राहिले होते. इथल्या निदान ५८ हिमनद्या त्या काळात पुढे आल्या. म्हणजे ती पुढे आली तेव्हाही तापमानच सांगत होती, फक्त आमच्या कोपऱ्यातलं.

आम्ही २००७ मध्ये पायी जाऊन बर्फावर चाललो होतो. २०१२ पासून खालून चालत वर जाता येत नाही, हेलिकॉप्टरनेच जावं लागतं. ते परवडलं नाही म्हणून सासूबाईंना लांबूनच दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी पाच तास गाडीत बसवलंस?"

भूगोलबाई (सांगली)

रोखठोक, तुमचा पहिला प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो बरोबर आहे. आल्प्समधल्या हिमनद्या १८६० च्या आसपास हटू लागल्या तेव्हा माणसाने हवेत सोडलेला कार्बन फार नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठे ज्वालामुखी एकामागून एक फुटले होते. १८१५ चा तांबोरा त्यातला सर्वांत मोठा, त्यामुळे १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. हिमनद्या त्या थंडीवर पोसल्या गेल्या, पुढे आल्या. एका हिमनदीने तर स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले प्रांतातल्या दरीत नदी अडवली, मागे तळं साचलं आणि १८१८ च्या जूनमध्ये ते फुटून खालची गावं वाहून गेली. ज्वालामुखी शांत झाले तशी हवा पूर्वपदावर येऊ लागली, आणि फुगलेल्या हिमनद्या आखडू लागल्या. तो भाग निसर्गाचा, कबूल.

२०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी म्हटलं की युरोपातल्या कारखान्यांची काजळी बर्फावर बसली आणि काळवंडलेला बर्फ लवकर वितळला. मला हे पहिल्यांदा वाचून फार पटलं होतं, तव्याचा बुड काळा का ठेवतात ते बायकांना माहीत असतं. पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने आल्प्सच्या उंच भागातला बर्फाचा गाभा, म्हणजे खोलवर छेद घेऊन काढलेली बर्फाची कांडी, तपासला, तेव्हा काजळी खरी वाढली ती १८७० च्या दशकात, आणि तोवर हिमनद्या बऱ्याच हटून झाल्या होत्या. तेव्हा मी माझं मत बदललं.

पण गोष्ट १८५५ ला संपत नाही. नुसती फुगवटी उतरायची असती तर हिमनद्या काही दशकांत नव्या जागी स्थिरावल्या असत्या. त्या थांबल्यासुद्धा होत्या. १९२० च्या आसपास, आणि पुन्हा १९७० ते १९८५ च्या दरम्यान, स्वित्झर्लंडमधल्या कितीतरी हिमनद्या थोड्या पुढे आल्या होत्या. नंतर जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून त्या देशाने आपल्या हिमनद्यांतला दहा टक्के बर्फ घालवला. २०१४ मधल्या एका अभ्यासात वाटणी केली होती: १८५१ पासून २०१० पर्यंत जगभरातल्या हिमनद्यांतला जेवढा बर्फ गेला त्यातला साधारण पाव भाग माणसामुळे. पण शेवटच्या वीस वर्षांचा वेगळा हिशोब केला तर तो वाटा दोन तृतीयांशाच्या वर जातो. आकड्यांना मागेपुढे मोठी सूट आहे, तेही त्यांनीच लिहिलंय. तेव्हा तुमची दुचाकी १८५५ च्या खटल्यातून सुटली. १९९० नंतरच्या खटल्यात तारीख लागलेली आहे.

बर्फ कमी पडला तर? हाही रास्त मुद्दा. पण प्रमाण बघा. एक अंश तापल्यामुळे जेवढा बर्फ जातो तो भरून काढायला वर्षाचं पर्जन्य साधारण पाव पटीने वाढावं लागतं, आणि तेही दर वर्षी, कायमचं. एखाद्या प्रदेशात हे काही काळ घडतं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला १९९० च्या दशकात हिवाळी बर्फ भरपूर पडला, आणि निगार्डची हिमनदी पुढे आली. हीच हिमनदी १७४८ पर्यंत वाढत वाढत शेतघरं मोडून गेली होती. पण साऱ्या जगात एकाच वेळी, आल्प्सपासून अँडीजपर्यंत, पाऊस पाव पटीने घटला असं काही कुठल्या नोंदीत नाही. म्हणून एक हिमनदी बघायची नाही, शंभर-दीडशे बघायच्या. एकीचं रडगाणं पावसाचं असेल. सगळ्या एकदम रडल्या तर उकाडाच.

जाता जाता एक. आलेचजवळच्या फीश आणि फीशरटाल या गावांनी १६७८ मध्ये नवस केला होता, की आम्ही सदाचाराने राहू, देवा, ही हिमनदी वाढू देऊ नकोस. शतकानुशतकं प्रार्थना चालू. २००९ मध्ये त्यांनी थेट पोपकडे अर्ज केला की प्रार्थनेचे शब्द उलटे करायची परवानगी द्या, आता हिमनदी आखडू नये म्हणून मागायचंय. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. आमच्या वेंगुर्ल्याच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे गावकार असते तर अर्जबिर्ज केला नसता, जागच्या जागी शब्द फिरवले असते.

सह्यभटक्या (नाशिक)

बाई, आधी एक विनंती, मला 'तुम्ही' नका म्हणू, तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान असेन.

रात्री बसून गोमुखाचं गणित केलं. लांबी ११४७ मीटर कमी. वेग वर्षाला १९. गंगोत्री ३० किलोमीटर लांब आहे, म्हणून उशीर १०० वर्षं धरला. हळवेपणा तुमचाच, अंशाला ४ किलोमीटर. ११४७ अधिक १९०० म्हणजे ३०४७. भागिले ४०००. ०.७६ अंश! १९३५ ते १९९६ मध्ये पाऊण अंश वाढ. बरोबर ना? बाबांना सांगितलं, त्यांनी पाठ थोपटली.

भूगोलबाई (सांगली)

बरं बाळा, अरेतुरे. पाठ थोपटलेली तात्पुरती परत घे.

उत्तर दिसायला गोजिरं आहे. पण हळवेपणा ४ ऐवजी २ घे, लगेच दीड अंश येतो. तो आकडा तू माझ्या काल्पनिक हिमनदीतून उचललास. कल्पनेतल्या सुनेच्या मापाची चोळी खऱ्या सुनेला शिवलीस.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची, आणि ती मोठमोठी माणसं करतात. १९३५ साली ती स्थिर उभी होती असं तू गृहीत धरलंस. ती तेव्हाही मागेच हटत होती. समज, तेव्हाही वेग वर्षाला १९ च होता. मग १९०० मीटरची थकबाकी १९३५ च्या खात्यावरही होती. दोन्ही सालांच्या तापमानातला फरक काढताना ती दोन्हीकडून वजा होते. उरतात ११४७ भागिले ४०००, म्हणजे ०.२९. पाऊण अंशाचा पाव अंश झाला, एका गृहीतकाने. १९३५ चा वेग नीट माहीत नसेल तर थकबाकी कुणाच्या खात्यावर टाकायची तेच कळत नाही.

तिसरं म्हणजे गंगोत्री या कामाला मुळातच गैरसोयीची. तिच्या खालच्या भागावर दगडमातीचा जाड थर आहे. तूच लिहिलंस ना, भिंत मातीने माखलेली? जाड थर गोधडीसारखा बर्फाला उन्हापासून झाकतो. मग हिमनदी तोंडाशी मागे कमी हटते आणि जागच्या जागी पातळ होत जाते. लांबी बघणाऱ्याला वाटतं, फारसं काही झालं नाही. समुद्रात तुटणाऱ्या हिमनद्या आणि काराकोरममधल्या अचानक उसळी मारून किलोमीटरभर पुढे येणाऱ्या हिमनद्याही अशाच. त्यांच्या हालचालीत हवेपेक्षा त्यांचं स्वतःचं तंत्र जास्त. तापमानाच्या हिशोबातून अशांना वगळतात.

हिमालयात आणखी एक गोम आहे. आल्प्सला बर्फ हिवाळ्यात पडतो, उन्हाळ्यात वितळतो. आपल्याकडे, विशेषतः मध्य आणि पूर्व हिमालयात, हिमनदीला बर्फ मिळतो तो बराचसा पावसाळ्यातच. म्हणजे भरणा आणि उचल एकाच महिन्यात. जरा उबारा वाढला की जो बर्फ पडायचा त्याचा पाऊस होतो. वितळणं वाढतं ते वेगळंच. म्हणून आता नुसतं तोंड मोजत नाहीत, बर्फाचा जमाखर्च मोजतात. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून दर वर्षी काठ्या रोवून हे चालू आहे. पण तो जमाखर्च चारशे वर्षं मागे नेता येत नाही. मागे जायचं तर लांबीच.

आता बाबांच्या १९८९ च्या सहलीचा फोटो आहे का ते सांग. त्यात बर्फाची भिंत असेल तर ती नोंद आहे. कुठं उभं राहून काढला ते कळलं पाहिजे.

सह्यभटक्या (नाशिक)

फोटो सापडला. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या अल्बमखाली. बाबा, त्यांचे दोन मित्र, तिघांच्या डोक्याला मफलर. ज्याने काढला त्याने तिघांना असं बरोब्बर मधोमध घेतलंय की हिमनदी पूर्ण झाकली गेलीय. बाबांच्या कोपराखाली एक पांढरट त्रिकोण दिसतो, बर्फ असेल किंवा पिशवी.

चहाबाज

पिशवीच्या लांबीवरून तापमान काढा.

भूगोलबाई (सांगली)

थांब, टाकू नकोस. बर्फ नसला तरी चालेल. मागे भागीरथीची शिखरं आलीत का? आली असतील तर जवळच्या कड्याची कडा आणि लांबच्या शिखराचा माथा एकमेकांच्या कुठं येतात ते बघ. माणूस दहा पावलं डावीउजवीकडे सरकला की तो मेळ मोडतो. तोच मेळ पुन्हा जुळेल तिथं उभं राहायचं, की झाली १९८९ ची जागा नक्की. त्सुमब्यूल चित्रांवर करायचे तेच. मग तिथून आजच्या तोंडापर्यंतचं अंतर मोज. भिंतीला हात लावला होता म्हणतात ना बाबा, मग जागा कळली की काम झालं.

सह्यभटक्या (नाशिक)

आलीत! दोन शिखरं, आणि डावीकडे एका काळ्या कड्याची कडा बरोबर मधल्या खिंडीत उतरतेय. फोटो मोठा करून आणायला दिलाय. सप्टेंबरच्या परवान्याची चौकशी करतोय. बाबा म्हणतात मी येणार, कारण भिंत कुठे होती ते तुला सापडायचं नाही.

जुनेनकाशे (डेहराडून, मूळ सोलापूर)

डेहराडूनला उतरा, मुक्काम आमच्याकडे. पन्नास मीटरचा टेप मी देतो. शेंगाची चटणी तुम्ही आणा.